ओढून बघायचं राहिलं

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. स्वतःची गोष्ट सांगायला बसलं की जो तो आधी आपली थोरवी गातो. मीही गायली असती. पण जन्मात एकदाच माझ्यावर खरं काम पडलं आणि नेमकं त्याच दिवशी मी शेण खाल्लं. तेव्हा याला गोष्ट म्हणण्यापेक्षा कबुलीजबाब म्हणा.

एका अरुंद गल्लीतल्या दुकानात माझा जन्म झाला. मला घडवणारा म्हातारा कारागीर अर्धा बहिरा होता. कानाने कळायचं नाही, म्हणून तो प्रत्येक कुलूप लावून तीनदा ओढून बघायचा आणि मगच कागदात गुंडाळायचा. माझ्या पोटात एक छोटी जीभ आहे. कडी आत दाबून किल्ली पुरती फिरवली की ती जीभ कडीच्या खाचेत बसते आणि मी बंद होतो. अर्धवट फिरवली तर कडी नुसती आत टेकून राहते. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. "महिन्याला एक थेंब तेल घाला," कारागिराने गिऱ्हाइकाला बजावलं. गिऱ्हाईक हसून म्हणालं, "मला तेलाचं नका सांगू. माझा हात सदा तेलातच असतो."

ते गिऱ्हाईक म्हणजे आमच्या घरचे आजोबा. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची मेंढरं होती. तिथे घरटी एक बंदूक असायची, जशी घरटी एक केरसुणी असते. पोलीस चौकी दोन तासांवर आणि लांडगे परसात! आजोबांच्या वडिलांनी एका हिवाळ्यात बंदुकीच्या जोरावर अख्खा कळप वाचवला होता. ती हकिगत आजोबा इतक्यांदा सांगायचे, की लांडग्यांचा आकडा तीनावरून अकरावर गेला होता.

बंदूक कुलपात ठेवायची, असा नियम सरकारने काढला म्हणून आजोबांनी मला आणलं. पण कपाटाला मला अडकवलं ते किल्लीसकट. किल्ली माझ्या तोंडातच राहायची. त्या भागाची रीतच होती तशी. घरात कोणी आलं आणि बंदुकीचं कपाट बंद दिसलं, तर ते आलेल्या माणसावर संशय घेतल्यासारखं होई. एका घरी कुलूप लावलेलं पाहून व्याही चहा न घेता उठून गेले होते, असं सांगत. वर्षातून एकदा तपासनीस यायचा, मला बघायचा, वहीत खूण करायचा. नियमात 'कुलूप असावे' एवढंच लिहिलं होतं. ते लावलेलं असावं, हे लिहायचं कोणाच्या डोक्यात आलं नसेल.

खरं सांगू? मला ते आयुष्य आवडायचं. काम नाही, धाम नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय जड कुलूप आहे!" आणि मी फुगायचो. आयतोबाला मानपान मिळाला की तो काय तक्रार करणार?

दर रविवारी सकाळी आजोबा बंदूक काढायचे. काडतुसं उतरवायची, नळी पुसायची, तेलाचं फडकं फिरवायचं, लाकूड चमकवायचं आणि पुन्हा काडतुसं भरून ठेवून द्यायची. "रिकामी बंदूक म्हणजे काठी," असं ते म्हणायचे. तेलाची बाटली माझ्यापासून हातभर अंतरावर असायची. पण बारा वर्षांत एक थेंब माझ्या वाट्याला आला नाही. माझ्या पोटातल्या स्प्रिंगला गंज चढत गेला. मला ते कळत होतं. पण किल्ली फिरवायचीच नाही तर दुखणार कुठे? मी निवांत लटकत राहिलो.

मला येऊन तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा घरात सूनबाई आल्या. त्या बंदराच्या शहरातल्या. दवाखान्यात नर्स होत्या. पहिल्याच आठवड्यात कपाटापुढे थबकून त्या म्हणाल्या, "आमच्याकडे बंदूक फक्त बँकेच्या दारात दिसायची."

"मग तुमच्याकडचे लांडगे बँकेत जात असतील," आजोबा म्हणाले. सगळे हसले. सूनबाईही हसल्या. पण त्यांची नजर माझ्यावरून हलली नाही.

त्यांना मुलगी झाली. दिवसभर इकडून तिकडे चढायची, म्हणून तिला सगळे खारू म्हणायचे. ती चालायला लागली तशी सूनबाईंच्या जिवाला घोर लागला. त्यांनी नवऱ्याला सांगून पाहिलं. तो लोकरीचा ट्रक चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेर. तो म्हणायचा, "मीही याच घरात वाढलो ना? काही झालं का?" आजोबा म्हणायचे, "सूनबाई, पोरांना धाक हवा. कुलूप कशाला?" बिचाऱ्या विषय सोडून कामाला लागायच्या. आपण परक्या मुलखातून आलो, आल्या आल्या घराला शहाणपण कसं शिकवायचं, असं त्यांना वाटत असावं.

खारू माझ्याशी खेळायची. कडीतून मला काढायची, बाहुलीचं घर म्हणून मांडून ठेवायची, पुन्हा अडकवायची. कपाट मात्र कधी उघडायची नाही, आजोबांचा धाक होता. पण मी कुलूप आहे, म्हणजे माझ्यापाशी येऊन थांबायचं असतं, हे त्या पोरीला या घरात कधी दिसलंच नव्हतं. मीही तिच्या हातात मजेत निघून यायचो.

खारू आठ वर्षांची झाली तेव्हा सरकारचा नवा कायदा यायची बातमी आली. आता कुलूप बंद हवं, किल्ली वेगळी हवी, काडतुसं दुसरीकडे हवीत. सगळा भाग पेटून उठला. कायद्याविरुद्ध अर्ज करायचा ठरला आणि सह्यांची बैठक आमच्या ओसरीवर ठेवली. दिवस रविवारचा. शेजारच्या गावात दिलेली आजोबांची लेक, म्हणजे खारूची आत्या, तिच्या मुलीला घेऊन सकाळीच आली. ती पोरगी खारूच्या बरोबरीची. पाय म्हणून एका जागी ठरायचा नाही, म्हणून तिचं नाव भिंगरी.

त्या सकाळी आजोबांनी बंदुकीला जरा जास्तच तेल दिलं. चार लोक येणार होते ना! काडतुसं भरून बंदूक आत ठेवली आणि ते कपडे बदलायला गेले. तेव्हा सूनबाई आल्या. त्यांनी माझी कडी दाबली, किल्ली धरली आणि फिरवली.

बारा वर्षांत पहिल्यांदा मला कोणी बंद करत होतं. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला. पण किल्ली अर्धी फिरली आणि गंजाने माझी जीभ जागच्या जागी धरून ठेवली. पोटात कुठेतरी 'खट्' वाजलं. तो गंजाचा कपचा तुटल्याचा आवाज होता. सूनबाईंना वाटलं, लागलं. खारूने खेळताना किल्ली हलवून हलवून तिचं भोक झिजून सैल झालं होतं, त्यामुळे ती तशीच निघूनही आली. त्यांनी ती कमरेला खोचली. ओढून बघायला हात पुढे केला, एवढ्यात बाहेरून आत्याने हाक मारली, "वहिनी, दूध उतू जातंय!" त्या धावल्या.

थोड्या वेळाने आजोबा आले. माझ्या तोंडात किल्ली नाही हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

"किल्ली कुठाय?"

"माझ्याकडे आहे, बाबा. आजच्या दिवस राहू द्या. दोघी पोरी घरात आहेत."

आजोबांनी ओसरीकडे पाहिलं. माणसं जमायला लागली होती. मला वाटलं, आता चिडतील. पण तेवढ्यात भिंगरी त्यांच्या पायांमधून पळत गेली आणि ते पडता पडता वाचले. हसून म्हणाले, "राहू दे. या भिंगरीचा काही नेम नाही. कोणी विचारलं तर सांगतो, सून शहरातली आहे."

सूनबाईंचा चेहरा असा उजळला, की मी तो विसरणार नाही. नऊ वर्षं मनात धरलेली गोष्ट भांडण न करता झाली होती. त्या निर्धास्त मनाने स्वयंपाकघरात गेल्या. कपाटाकडे त्यांनी पुन्हा वळूनही पाहिलं नाही. कशाला पाहतील? त्यांनी माझ्यावर भरवसा टाकला होता. आणि मी लबाड, बंद असल्याचं सोंग घेऊन लटकत होतो.

ओसरीवर भाषणं चालली होती. "आमची पोरं काय वेडी आहेत काय?" एक जण विचारत होता. आत दोघी पोरी कपाटापाशी आल्या. भिंगरीला पणजोबांची लांडगे मारणारी बंदूक बघायची होती. आजोबा बाहेर भाषणात गुंतलेले, त्यामुळे खारूचा धाक पातळ झाला होता. तिने रोजच्यासारखं मला ओढलं. मी रोजच्यासारखा निघून आलो.

मी तेवढा एकदा अडून बसायला हवं होतं. एवढंच करायचं होतं मला.

मला खाली जमिनीवर ठेवलं होतं, म्हणून पुढचं मी पाहिलं नाही. आवाज ऐकला. ओसरीवरचा माणूस वाक्याच्या मध्येच थांबला. सगळ्यांत आधी सूनबाई धावत आल्या. ओढणीने भिंगरीचा गुडघा करकचून बांधला आणि ट्रकमधून दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात सोडला नाही. पोर वाचली. पण गुडघा गेला तो गेलाच. बंदूक खारूच्या हातात होती. ती महिनाभर एक अक्षर बोलली नाही.

तपासनीस आला. त्याने मला उचलून पाहिलं आणि लिहिलं, 'कुलूप होते.' अर्जाचा कागद ओसरीवर पडला होता. पहिली सही आजोबांची होती.

त्यानंतर घरात जो तो स्वतःला दोष देत होता. आजोबा म्हणायचे, माझी बंदूक. खारूचे बाबा म्हणायचे, मी ऐकलं नाही. आत्या माहेरी यायची बंद झाली. आणि सूनबाई एकच वाक्य घोकायच्या, "मीच ओढून बघितलं नाही." मला ओरडून सांगावंसं वाटायचं, बाई, तू तुझं काम केलं होतंस, चुकलो तो मी. पण कुलपाला वाचा कुठली?

पुढे कायद्याबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायला अधिकारी आला. सभागृहात अख्खा भाग लोटला. आजोबा मला खिशात घालून घेऊन गेले. ते उभे राहिले, मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "अर्जावर पहिली सही माझी आहे. ती खोडा. लांडगे आहेत, मान्य. चौकी लांब आहे, मान्य. पण पंचवीस वर्षांत माझ्या घरी लांडगा एकदा आला. नात रोज होती." मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारा सुनेच्या ताटाखालचं मांजर झालाय." आजोबा वळून म्हणाले, "आधी व्हायला हवं होतं." ओसरीवर बसायला येणारे निम्मे लोक त्या दिवसापासून यायचे थांबले. काही जणांनी मात्र गुपचूप कुलपं घेतली, असं मी ऐकलं. कायद्याचं घोंगडं अजून भिजत पडलंय.

बंदूक चौकीत जमा झाली. कपाटात आता सूनबाईंची औषधं असतात. दर रविवारी आजोबा तेलाची बाटली काढतात आणि मला एक थेंब देतात. अर्धं तेल फरशीवर सांडतं. मला ते तेल गोड लागत नाही, मित्रांनो. फार उशिरा आलं ते.

दीड वर्षाने परवा आत्या आली. पाठोपाठ काठी टेकत भिंगरी. खारू भिंतीला चिकटून उभी होती. भिंगरी टक टक करत सरळ माझ्यापाशी आली. मी बंद होतो. तिने मला मुठीत धरलं आणि ओढलं. एकदा, दोनदा, तीनदा. मला घडवणाऱ्या म्हाताऱ्याची आठवण झाली.

"लागतं आता?" तिने खारूला विचारलं.

"लागतं. मी रोज बघते."

"किती वेळा?"

"खूप वेळा. झोपताना उठूनपण."

भिंगरीने काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "आजच्या दिवस मी बघितलंय. तू नको बघू."

त्या दिवशी खारूने मला पुन्हा हात लावला नाही. तिच्यापुरतं भिंगरीने ओझं थोडं उतरवलं. माझं माझ्यापाशीच आहे, आणि ते तसंच राहावं.

तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. घरात जपून ठेवण्यासारखी वस्तू असो की जपून राहण्यासारखी, तिच्या कुलपाला विसरू नका. त्याला तेल द्या. आणि ते लावलंत की कोणी कितीही हाका मारल्या, दूध उतू गेलं तरी जाऊ द्या, पण एकदा ओढून बघा.