सैल जाळी

माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. चिंतामणजींना सगळ्यात जास्त. परदेशीपुऱ्यातली मिल बंद पडली तेव्हा ते लूम सोडून आमच्याकडे काचेची भांडी धुवायला आले, ते वीस वर्षं टिकले.

घसा सुजला की मानेत गाठ लागते ना, तिच्यात रोगाशी लढणाऱ्या पेशी वाढत असतात. मी तशीच जाळी बनवते, बारीक धाग्यांची. कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तातल्या पेशी तिच्यावर वाढवायच्या आणि त्यालाच परत द्यायच्या. माझी जाळी ताठ होती. चिमट्यात धरली तरी वाकत नसे, आणि फोटोत तर काय दिसायची!

एकदा चिंतामणजींनी फेकायचा एक तुकडा बोटांत चोळून पाहिला. "मॅडमजी, हे भलतंच घट्ट होऊन राहिलंय. गाठ तर सुजते. ही सुजणार कुठं?"

"तुम्ही काच धुवा," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "लहान तोंडी मोठा घास कशाला?"

पोरं हसली. ते "जी मॅडमजी" म्हणून बेसिनकडे गेले.

दोन वर्षांनी त्यांनाच रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधं लागू पडेनात, तेव्हा तुकोगंजच्या हॉस्पिटलनं त्यांचं नाव आमच्या ट्रायलमध्ये घातलं. त्यांच्या पेशी काढल्या. अर्ध्या माझ्या जाळीवर, अर्ध्या बर्फात. "आता माझंच सूत तुमच्या लूमवर," म्हणून हसले बिचारे.

नवव्या दिवशी जाळीवरच्या सगळ्या पेशी मेलेल्या होत्या.

मी मशीन तपासलं, औषध तपासलं, माझ्या हाताखालच्या मितालीवर विनाकारण ओरडले. आणि मग एकदम आठवलं: गाठ तर सुजते. अगं बाई! शरीराची नक्कल करायला निघालेली मी दीडशहाणी, पेशी वाढतात तशी गाठ फुगून त्यांना जागा देते, एवढंही पाहिलं नव्हतं. लाजेनं कान तापले. नवी जाळी इतकी सैल केली की चिमट्यात लोंबायची. बर्फातल्या पेशी तिच्यावर सोडल्या.

चौथ्या दिवशी त्या दुप्पट झालेल्या दिसल्या. मी धावत जाऊन चिंतामणजींच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोनं, इंदुमतीबाईंनी उचलला.

"सकाळीच गेले हो," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत म्हणत होते, मॅडमजी काहीतरी करतीलच."

पेशी वाढताहेत, हे मी त्यांना सांगितलंच नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

बाराव्या दिवशी एका डोसला पुरतील एवढ्या पेशी झाल्या. बैल गेला न् झोपा केला. लोक म्हणतात, पुढच्या पेशंटना फायदा होईल. होईल की. पण मला वेळेवर सांगणारा माणूस माझ्याच बेसिनपाशी उभा होता, आणि मी त्याला गप्प केलं.

त्या पेशी नियमाप्रमाणे टाकून द्याव्या लागल्या. मिताली भांडी उचलायला आली, तिला मी परत पाठवलं. स्वतः धुतली, तीन पाण्यांनी, ते धुवायचे तशी.

"घट्टच होती हो, चिंतामणजी," मी म्हटलं. नळ चालूच होता.