तीन नंबरची पाहुणी

उभी

"त्या चादरीला हात लावू नकोस," आर्गिरो म्हणाली. "आजपासून तू इथली क्सेनी."

कालिरोईने चादर सोडली नाही. एक टोक तिच्या हातात, दुसरं नणंदेच्या. हंगामातले शेवटचे पाहुणे आत्ताच बोटीकडे गेले होते, खाली वाळूवरच्या छत्र्या मिटल्या होत्या, आणि तीन नंबरच्या खोलीत या दोघी एकाच चादरीला धरून उभ्या.

"काय म्हणालीस?"

"क्सेनी. बस आता, वहिनी. तुझे गुडघे मला जिन्यापासून ऐकू येतात."

त्या बेटावर पाहुणी आणि परकी, दोघींना शब्द एकच, क्सेनी. कुठली ते आवाजावरून ओळखायचं. आर्गिरोचा आवाज मात्र बोकडाला आणि पाद्र्याला सारखाच लागायचा.

कालिरोईच्या कानावर परकी पडली. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही, तेव्हापासून या खोल्याच तिचं घर. चादरी घालायच्या, पायऱ्यांना चुना काढायचा, दाराबाहेरच्या खुर्चीवर टॉवेल पडलेला दिसला की बदलायचा. आता आर्गिरोला सून आली होती. तरणी. जिना चढताना गाणं म्हणणारी.

बसलेली

सून ट्रे घेऊन आली. छोटी बशी, त्यात चमचाभर मुरंबा, शेजारी पाण्याचा ग्लास.

"घ्या, मामी."

मुरंबा कालिरोईनेच घातलेला, कडू संत्र्याच्या सालीचा. आल्यागेल्यासमोर ठेवायचा. घरच्या माणसाने तो कधी बशीतून खाल्ला नव्हता. फार तर बरणीत बोट घालून.

"मला कशाला ट्रेमधून, स्तामातीना?"

"सासूबाई म्हणाल्या, जिने शिकवलं तिला एकदा तरी वाढ."

"आणि उद्यापासून चादरी कोण घालणार?"

स्तामातीनाने ग्लास उगाचच थोडा सरकवला. "मी."

कालिरोईने बसल्या जागेवरूनच, खाली गेलेल्या नणंदेला हाक मारली. आर्गिरो धापा टाकत वर आली.

"सरळ सांग, आर्गिरो. क्सेनी म्हणजे कुठली? मुरंबा देतात ती, का बोटीत बसवून देतात ती?"

"अगं, बोटीत तर दोघींनाही बसवतात." मग आर्गिरो पलंगाच्या कडेला टेकली. "काम गेलं तुझं, वहिनी. खोटं कशाला सांगू? परवा भरली बादली घेऊन जिन्यात पडलीस, मी पाहिलं. पण खालची खोली तुझीच. जेवायला आमच्यातच. आणि दर वर्षी शेवटची बोट गेली की आठवडाभर ही खोलीही तुझी."

"मी काय करू हिचं?"

"लोळ."

"लोळून काय करतात?"

"मला काय ठाऊक? लोक कुठून कुठून येतात त्यासाठी. तूच म्हणायचीस ना, पलंगावरून समुद्र दिसतो म्हणून थापा मारतात मेले."

आडवी

दोघी गेल्यावर कालिरोईने बूट काढले. चादर चुरगळू नये म्हणून आधी कडेला पडली. मग मधे.

गच्चीचं दार सताड उघडं होतं. बाहेर द्राक्षाचा वेल मांडवावरून कमरेपर्यंत लोंबलेला. उभ्याने तिला तिथे कायम पानंच दिसत आली होती, झाडायची पानं. उशीवरून पाहिलं तर वेलाच्या खाली, कठड्याच्या गजांमधून, निळी पट्टी. तिच्यावरून शेवटची बोट सावकाश चालली होती.

माणसं खोटं बोलत नव्हती.

नवरा गेल्यापासून ती समुद्राकडे येताजाताच बघायची, हातात काहीतरी घेऊन. आता तो तिच्या उशीच्या उंचीवर आला होता, तिच्यासारखाच आडवा.

"बरं केलंस गं, आर्गिरो," ती हळूच म्हणाली. समोर म्हणाली असती तर दोघींनाही अवघडल्यासारखं झालं असतं.

मुरंबा तिने चमच्याच्या टोकाने, पुरवून पुरवून खाल्ला. साखर किंचित कमी पडली होती.

सकाळी जिन्यावरून स्तामातीनाचं गाणं वर येऊ लागलं. कालिरोई समुद्रात आंघोळ करून परतली होती. ओला टॉवेल हातात. हात सवयीने घडी घालायला उचलले गेले. मग तिने तो तसाच, चोळामोळा, दाराबाहेरच्या खुर्चीवर टाकला आणि आत जाऊन पडली.