काटाबाबूंची खिडकी

"प्रश्न एकोणिसावा. अनोळखी माणसांशी बोलायला तुम्हाला आवडतं का? 'खूप'पासून 'अजिबात नाही'पर्यंत पाच उत्तरं आहेत, बाबा. पटकन सांगा."

बाबांनी वरणात पोळी कुस्करता कुस्करता छताकडे पाहिलं. "अनोळखी? नाही बा. अनोळखी मानसाशी काय बोलनार?"

मी 'अजिबात नाही' दाबलं. "विसावा. एकट्याने बसून काम करणं जमतं?"

"बावीस वर्षं तेच तर करून राहिलो."

'खूप.'

"अवं, त्यायले विचार तर करू दे," आई पोळपाटावरून ओरडली. "नुसती बटनं दाबून राहिली."

"आई, यात विचार करायचाच नसतो. पहिलं मनात येईल तेच खरं! सरांनी सांगितलंय."

"तुह्या सरांनी तुले जेवाले नाही सांगतलं काय? पोळी थंडी होऊन राहिली." मग स्वतःशीच म्हणाली, "ही बडबडी कोनावर गेली, देव जाने. या गोतमाऱ्यांच्या घरात तर सारे मुके."

बाबा हसले. घरात ते एवढंच करायचे. हसायचे, जेवायचे, टीव्हीचा आवाज कमी करायचे.

आता ही टेस्ट काय ते सांगते. अकरावीत आमच्या शाळेत करिअरचे एक सर आले होते. साठ प्रश्नांवरून माणसाचा स्वभाव कोणता आणि त्या स्वभावाला कोणतं काम मानवेल, हे कळतं म्हणाले. तोपर्यंत मी शेवटच्या बाकावर तोंड लपवून बसणारी मुलगी होते. बाईंनी नाव घेतलं की मी बाकाखाली पेन शोधायचे. आणि माझ्या कागदावर काय आलं? 'जन्मजात वक्ता. माणसांत रमणारी.' मी तो कागद दहा वेळा वाचला. पुढच्या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी माइक हातात घेतला, आणि खरंच सांगते, तो अजून सोडलेला नाही! तेव्हा टेस्टवर माझा विश्वास बसणारच होता. तिनं मला मी शोधून दिली होती.

आणि बाबांना टेस्टची गरज होती. तीही लगेच.

बाबा रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात काट्यावर होते. काटा म्हणजे ट्रक तोलायचा. ट्रक काट्यावर चढतो, पडद्यावर आकडा येतो, बाबा पर्ची छापून खिडकीतून देतात, ट्रक उतरतो. आता तिथं कॅमेरे बसणार होते, पर्ची मशीनच देणार होती. बाबांना कंपनीनं एक फॉर्म दिला होता. त्यात दोन चौकोन. एक, कारखान्याच्या गेटवरच ड्रायव्हरांच्या मदतीचं टेबल: कागद बघायचे, तक्रारी ऐकायच्या. दुसरा, नवा रायपूरच्या ऑफिसात कंट्रोल रूम: एसीत बसून सगळे काटे पडद्यावर बघायचे. पगार तोच. सोमवारी फॉर्म परत द्यायचा होता, आणि चार दिवस तो टीव्हीच्या मागे तसाच खोचलेला होता. रोज रात्री बाबा तो काढायचे, बघायचे, परत ठेवायचे.

"साठावा झाला!" मी फोन उंच धरला. "ऐका. 'शांत निरीक्षक. एकांतप्रिय. गर्दीत थकणारा. योग्य क्षेत्रं: नोंदी, देखरेख, नियंत्रण कक्ष.' बाबा! नियंत्रण कक्ष म्हणजे कंट्रोल रूमच! शब्दशः लिहिलंय!"

"असं लिहून आहे?"

"हे बघा ना!"

बाबांनी चष्मा लावून वाचलं. बराच वेळ वाचलं. "एकांतप्रिय," ते म्हणाले. "असंन बा. मशीन काहून खोटं बोलंल?"

"बाबा, आपल्या बीरगांवची ही काळी धूळ रोज खायची ती वेगळी, गेटवर उन्हात उभं राहून अजून खायची?"

"नाही, ते बी आहे."

मी टीव्हीच्या मागचा फॉर्म काढला. दुसऱ्या चौकोनात टिक मी केली. खाली सही त्यांनी केली. मंगळवारी मी वर्गात उभी राहून सांगितलं की योग्य माणसाला योग्य काम मिळणं काय असतं ते माझ्या घरी बघायला या. टाळ्या पडल्या.

शनिवारी बाबांचा काट्यावरचा शेवटचा दिवस. केबिनमधला टेबलफॅन आमचा स्वतःचा होता. तो मोटरसायकलवर धरून बसायला कोणीतरी हवं, म्हणून मला घेऊन गेले. बाबांच्या त्या बावीस वर्षांत मी तिथे पहिल्यांदाच जात होते.

केबिन आमच्या बाथरूमपेक्षा थोडी मोठी. एक टेबल, पडदा, पाण्याचा कॅन, खिडकी. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. पहिला ट्रक चढला आणि बाबा टेबलामागून उठून थेट खिडकीबाहेर झुकले.

"क्यों रे पंडित! खाली गाडी चालीस किलो ज्यादा बता रही है. ससुराल से आ रहा है क्या?"

वरून ड्रायव्हरच्या हसण्याचा गडगडाट आला. "बाबूजी, सास ने घी खिला दिया!"

मी स्टुलावरून पडायचीच राहिले. हे आमचे बाबा?

दुसरा ट्रक. ड्रायव्हर मनहरण, बेमेतऱ्याकडचा, पांढऱ्या मिशांचा. तो खाली उतरूनच खिडकीशी आला. "का बाबू, सिरतोन जात हस का?" खरंच चाललास का, असं विचारत होता.

"हव भाई," बाबा म्हणाले. छत्तीसगढी बाबांना येते हेही मला माहीत नव्हतं. "नोनी के नर्सिंग के का होइस?"

त्याच्या मुलीला नर्सिंगला जागा मिळाली होती. कोणतं कॉलेज, कोणता फॉर्म, शेवटची तारीख कुठली, हे त्याला बाबांनी सांगितलं होतं. या खिडकीतून. एकेका मिनिटात, फेरी फेरीला. मनहरणनं मला पाहिलं. "ये तोर नोनी ए?"

"हव. बहुत बोलथे." खूप बोलते.

"त काखर बेटी ए!" मनहरण म्हणाला. मग कोणाची मुलगी आहे! मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. कोणालाच घाई नव्हती, नुसते वाजवत होते.

दोन तासांत एकतीस ट्रक आले. बाबांनी एकतीस जणांना नावानं हाक मारली. आणि मग मला ती खिडकीची चौकट दिसली. सगळीकडे हिरवा रंग होता. फक्त बाहेरच्या कडेला, उजव्या बाजूला, हातभर जागेवर रंग नव्हता. लोखंड उघडं पडून ताटासारखं चकचकत होतं. ट्रक आला की बाबांचं कोपर बरोबर तिथे टेकायचं. टेबलाचा रंग मात्र जसाच्या तसा होता.

परत येताना पंखा माझ्या मांडीवर होता आणि पाती वाऱ्यानं आपोआप फिरत होती. मी बाबांच्या पाठीला म्हटलं, "तुम्ही तर सांगितलं होतं, अनोळखी माणसांशी बोलायला आवडत नाही."

"नाहीच आवडत."

"मग हे सगळे?"

बाबांनी मान अर्धी वळवली. "हे काय अनोळखी आहेत?"

मी पंख्याची फिरती पाती बोटानं थांबवून धरली. रस्ताभर. 

सोमवारी सकाळी बाबा नव्या ऑफिसच्या बसनं गेले आणि मी कारखान्यात फोन लावला. जन्मजात वक्ता होते ना मी. आवाज मोठा केला, सर म्हटलं, रिक्वेस्ट म्हटलं, गेटच्या टेबलाचं बोलले. पलीकडचा माणूस चांगला होता. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "बेटा, वो सीट तो भर गई. उरला गांव का एक लडका आ गया. और फॉर्म मेरे सामने है. पापा ने खुद टिक किया है."

मी खिडकीशी फोन धरून उभी होते. ती टिक कशी दिसते मला माहीत होतं. माझ्या टिकची शेपटी नेहमी चौकोनाबाहेर जाते.

संध्याकाळी मी सगळं सांगून टाकलं. फोन केल्याचंही. रडलेही. बाबा बुटांच्या नाड्या सोडत होते.

"तुही टेस्ट बरोबरच आहे, बेटा. एसी आहे, धूळ नाही. मोठ्ठा पडदा आहे."

"बाबा, खोटं नका बोलू."

"तुही तर बरोबर निघाली ना?" ते म्हणाले. "मंग झालं. शाळेत नको सांगू का टेस्ट चुकली म्हनून. तुले माइक देनं बंद करतीन."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पुढे येऊन बाबांचे बूट उचलले आणि दाराबाहेर ठेवले.

याला चार महिने झाले. नवा रायपूरचे रस्ते इतके रुंद आहेत की समोरच्या फूटपाथवरचा माणूस ओळखू येत नाही, असं बाबा एकदा म्हणाले. कामाचं विचारलं की "बेस आहे" म्हणतात. एकदाच, जेवताना, आपणहून सांगितलं की पडद्यावर ट्रक वरून दिसतात, ड्रायव्हरचा फक्त हात दिसतो, पर्ची घेणारा. आवाज नसतो. "मनहरणचा हात वळखू येते," ते म्हणाले. "घड्याळ उजव्या हातात घालते तो."

मी परवा ती टेस्ट पुन्हा उघडली. एकोणिसाव्या प्रश्नापर्यंत गेले आणि बंद केली. त्यांना काय विचारायला हवं होतं ते आता मला कळतं, पण त्या साठांत तो प्रश्नच नाही.

आज रविवार. बाबा सकाळपासून पुढच्या खोलीत खिडकीशी खुर्ची ओढून बसलेत. उजवं कोपर चौकटीवर टेकवलंय, थोडे बाहेर झुकलेत. गल्लीतून एक सायकलवाला गेला, एक भाजीवाली गेली. त्यांना बाबा ओळखत नाहीत. दिवाळीत आम्ही चौकटीला निळा रंग दिला होता. कोपराखाली तो अजून अगदी नवा आहे.

मी माझी खुर्ची उचलून खिडकीच्या बाहेर, ओसरीवर नेऊन ठेवली आणि ट्रक काट्यावर चढतो तशी तिच्यावर बसले.

"काहून वं, पोट्टी?" बाबा म्हणाले.

"काही नाही," म्हटलं. "तोला."