मोठं केलं, आजी

या हो, जरा जवळ सरकून बसा. टाळ ठेवा खाली घटकाभर. महाराजांना यायला अजून अवकाश आहे, तोवर आमच्या डोणगावची एक गोष्ट सांगतो. हसाल तुम्ही, आणि मग हसलो म्हणून चुकचुकाल, अशी आहे.

गोष्ट हरिओमची. दोन हजार चारचं साल असेल. गावात इंटरनेट एकाच दुकानात, त्याच्या. लग्नपत्रिका, पाट्या आणि आमच्या हरिनाम सप्ताहाची पत्रिका, सगळं तोच जुळवायचा. सप्ताहाची पत्रिका म्हणजे सोपं काम नाही बरं. महाराजांचं नाव केवढं, पंगत देणाऱ्याचं केवढं, मंडपवाल्याचं केवढं, सगळं माप ठरलेलं. एखाद्याचं नाव ओळ मोडून खाली उतरलं की तो माणूस वर्षभर आपल्याशी बोलत नसे. समितीचे अध्यक्ष भगवंतराव तर पत्रिका हातात आली की देवाचा फोटो पाहायच्या आधी स्वतःची ओळ पाहायचे.

त्या वर्षी सप्ताहाची वेबसाइट निघाली. रोजच्या कीर्तनाचं सार हरिओम स्वतः लिहून टाकायचा. पोरगा मोठा गोड कीर्तनवेडा. माझ्याशेजारी टाळ धरून उभा राहायचा आणि घरी जाऊन सगळं निरूपण जसंच्या तसं उतरवायचा. पण पान मात्र त्यानं पत्रिकेसारखंच बांधलं. वर तोरण, दोन्ही बाजूंना नावांच्या पट्ट्या, मध्ये कीर्तन. बुलढाण्याला कॉम्प्युटर शिकणारा त्याचा दोस्त कामरान ते पाहून हसायलाच लागला.

"बे हरिओम, हे काय लग्नपत्रिका हाय का? पाहणाऱ्याचा पडदा लहान-मोठा असते. अक्षर मोकळं सोड. ज्याले मोठं पाह्यजे तो मोठं करून घेईन."

"अन् भगवंतरावचं नाव खाली उतरलं तं? तू येशीन का त्याहीले समजवायले?"

"मी काऊन येऊ? मी तं तुमच्या सप्त्यात फक्त जेवायले येतो."

हरिओमनं ऐकलं नाही. त्यानं प्रत्येक अक्षराचं माप पक्कं बांधून टाकलं. तेव्हा अक्षरं मोठी करायची सोय कॉम्प्युटरच्या मेनूत असे. बाकीच्यांची पानं त्या सोयीनं मोठी व्हायची, याचं पान ढिम्म हलायचं नाही. मध्ये कीर्तन बसवायला जागा कमी पडली म्हणून त्याची अक्षरं बारीक केलेली, आणि तीही तशीच जखडलेली.

आषाढात एका दुपारी सोजराबाई काठी टेकत दुकानात आल्या. चातुर्मासात विठ्ठल मंदिरात बायांची पोथी चालते, तिथं वाचायला त्याच बसत. कितीतरी वर्षांची ती जागा त्यांची. त्यांचा आवाज असा, की ओवी ऐकताना कडेवरचं लेकरूही रडायचं थांबावं. त्या वर्षी सप्ताहाच्या वेळी पाय मोडून त्या लेकीकडे बुलढाण्याला पडून होत्या, त्यामुळं तो सगळाच हुकला होता.

"हरिओम, काल्याचं कीर्तन दाखव बाबू. तू वाचून नको दाखवू. मी माहं वाचीन."

त्यांनी चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं. "मुंग्या दिसून राह्यल्या रे बापा. मोठं कर नं."

आता शेजारच्या खुर्चीवर भगवंतराव बसलेले. पाहुण्याला स्वतःचं नाव दाखवायला आणलं होतं. हरिओमनं मेनू उघडला, सगळ्यात मोठ्या मापावर बोट दाबलं. पडद्यावर काहीच झालं नाही. होणारच नव्हतं. का होत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण ते सांगायचं, तर 'तुमच्या नावापायी अक्षरं जखडली' असं भगवंतरावांसमोर सांगावं लागलं असतं.

"मोठं केलं, आजी," तो म्हणाला.

"हे मोठं हाय?"

"हाव. सगळ्यात मोठं."

सोजराबाईंनी पुन्हा एकदा पडदा पाहिला. मग चष्मा काढून पदरात बांधला. "मंग माहे डोयेच गेले म्हणा," असं म्हणून हसल्या आणि काठी शोधू लागल्या. ती हरिओमनंच हातात दिली.

पुढं पंधरवडाभरानं एका कार्यक्रमाच्या पत्रिका वाटायला तो दुपारचा मंदिरात गेला, तर पोथीवर दुसराच आवाज. अडखळणारा, कोवळा. प्रतीक्षा नावाची कॉलेजातली पोरगी वाचत होती. सोजराबाई मागं खांबाला टेकून बसलेल्या. हरिओमनं एका बाईला विचारलं, काय झालं म्हणून.

ती म्हणाली, "सोजरामायनं सोडली पोथी. म्हणते, सगळ्यात मोठं अक्षर मले दिसत नाही, तं मंग हे मी वाचून राह्यली का पाठ म्हणून राह्यली? एखांदा शब्द चुकला देवाचा, तं पाप कोणाले? रडत होती बिचारी."

पोथीची अक्षरं बोराएवढी असतात हो. ती त्यांना स्वच्छ दिसत होती. पण वर्षानुवर्षांच्या वाचनानं पोथी तोंडपाठ झालेली, त्यामुळं डोळा वाचतो की जीभ आठवते, हे त्यांचं त्यांनाच कळेना. एका खोट्या शब्दानं त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला होता.

पुढच्या एकादशीच्या कीर्तनात हरिओम माझ्याशेजारी उभा होता. महाराजांनी विठ्ठलाचा गजर धरला, सगळं मंदिर हाललं, आणि याचं तोंड काही उघडेना. टाळ हातात तसाच. मी कोपरानं ढोसलं, तर म्हणाला, "काका, माह्यानं नाही होत. कोणत्या तोंडानं नाव घेऊ?" बाहेर ओट्यावर त्यानं मला सगळं सांगितलं. मी काय सांगणार? म्हटलं, "महाराजाले नको सांगू, मले नको सांगू. जिले खोटं सांगतलं तिले सांग."

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळी मापं सोडून दिली. अक्षरं मोकळी झाली आणि पान मोडलं. तोरण कुठल्या कुठं गेलं, पट्ट्या लांबल्या, आणि मोठं करून पाहिलं की 'भगवंत' वर, 'राव' खाली. भगवंतराव तरातरा दुकानात आले. "माहे दोन तुकडे केले बे तू!"

"हाव, केले," हरिओम म्हणाला. "चाला, मले मंदिरात जायचं हाय."

त्या दिवसाची पोथी संपायला आलेली. सगळ्या बायांसमोर त्यानं सोजराबाईंचे पाय धरले. "आजी, मी मोठं केलंच नोतं. खोटं बोललो. तुमचे डोये चांगले हायेत."

सोजराबाईंनी आधी चष्मा काढला, मग घातला. "मंग तवा काऊन नाही सांगतलं, मुडद्या? मी रोज देवाले इचारून राह्यली, का बाबा, माहं काय चुकलं?"

तेवढ्यात प्रतीक्षा उठली, तिनं पोथी उचलून त्यांच्यापुढं आणली. "घ्या आजी. तुमची जागा."

सोजराबाईंनी पानावर नजर टाकली. मधलीच एक ओवी घेतली, हळू, अक्षर अक्षर लावून, पार शेवटपर्यंत. ती पाठ म्हटलेली नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना कळलं. मग पोथी मिटली आणि पोरीच्या हातात परत दिली.

"नाही बाई. माह्या हातची गेली तवा कसं झालं, ते मले ठाव हाये. तुह्या हातून मी काऊन काढू?"

त्या पुन्हा वाचायला बसल्या नाहीत. काल्याचं कीर्तन तेवढं दुकानात जाऊन, मोडक्या पानावर, मोठ्या अक्षरात स्वतः वाचलं. हरिओम बाजूला उभा होता. त्यांनी त्याला माफ केलं होतं, चहासुद्धा मागितला. त्याच्या मनातून मात्र ते काही सुटलं नाही. आज सोजराबाई नाहीत, प्रतीक्षाच वाचते, छान वाचते. हरिओम दर चातुर्मासात दुपारचं दुकान बंद करून येतो आणि बायांच्या मागं, दाराशी बसून ऐकतो. एकदा म्हणाला, "काका, पोरीचा आवाज चांगलाच हाय. पण मी ऐकतो तो दुसराच."

तेवढं करा माझं एक. कुठंही पोथीला बसलात, तर पहिल्या ओवीआधी आमच्या सोजराबाईंची आठवण काढा.