ओझोन कुठे संपतो?

मकरपुऱ्याजवळच्या सांडपाणी केंद्रात ओझोनचं यंत्र बसलं ते तिथली अभियंता राजेश्वरी मोहिते हिच्या आग्रहामुळे. लोकांच्या शरीरातून सांडपाण्यात उतरलेली औषधं ओझोन मोडून टाकतो, हे तिनेच वरिष्ठांच्या गळी उतरवलं होतं. सुरुवातीला निकाल छान आले. मग तपासणीत औषधं पुन्हा दिसायला लागली.

"यंत्र कमी पडतंय. दुसरं मागवू," केंद्रप्रमुख उदयसिंहराव म्हणाले.

"यंत्र ठीक आहे, सर. पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ वाढलेत. ओझोन औषधांपर्यंत पोचायच्या आतच या पदार्थांवर संपतो."

त्यांनी त्या पाण्याच्या नमुन्याचा पेला उजेडात धरला. "अगं, काचेसारखं तर आहे!"

"पाण्यात साखर विरघळली की दिसते का, सर?"

ते हसले. "बरं, मग वाढले कशाने?"

याचं उत्तर देणं राजेश्वरीला जड जात होतं. दांडिया बाजारात तिचं आणि उदयसिंहरावांचं घर शेजारीशेजारी. लहानपणापासून ती त्यांना काका म्हणत आलेली. पण गोष्ट खरी होती.

"आपण जादा पाणी घ्यायला लागलो, तेव्हापासून. जिवाणूंच्या टाकीत पाणी आता पुरेसं थांबतच नाही. जिवाणूंनी खायची ही सेंद्रिय घाण तशीच पुढे जाते. तो निर्णय तुमचा होता."

उदयसिंहरावांचा चेहरा उतरला. "सिद्ध करून दाखव," एवढंच म्हणाले.

प्रयोगशाळेतल्या निहारला हाताशी घेऊन तिने दोन बरण्या मांडल्या. एकीत केंद्रातलं पाणी, दुसरीत सेंद्रिय पदार्थ काढलेलं. दोन्हींत सारखंच औषध घातलं, सारखाच ओझोन सोडला. दुसऱ्या बरणीत औषध जवळजवळ उरलं नाही. पहिलीत बरंचसं तसंच राहिलं.

"बरणीतलं ठीक. टाकीत जमेल?" उदयसिंहरावांनी विचारलं.

"जमणारच. जादा पाणी दुसऱ्या केंद्राकडे वळवा आणि मला थोडा वेळ द्या."

त्यांनी त्याच दिवशी पाणी वळवलं. काही आठवड्यांनी जिवाणूंची टाकी सावरली. ओझोन तेवढाच होता, पण औषधं भराभर कमी झाली. नव्या यंत्राची मागणी उदयसिंहरावांनी स्वतःच मागे घेतली.

"उद्या वरची मंडळी येतायत," ते म्हणाले. "सगळं तूच समजावून सांग. चूक माझी होती, हेही."

"ते तुम्ही सांगा, काका," राजेश्वरी म्हणाली. "बाकीचं माझ्यावर सोडा."