एक हात दूर

मित्रांनो, मी एक जुना दोरखंड आहे. चाळीस हात लांब, तीन पेडांचा आणि हट्टी. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आमच्या घराण्यावरूनच पडली असावी.

मला विकत घेतलं झाडं तोडणाऱ्या एका गड्याने. त्याची थोरली बहीण एका बागेत माळीण होती. ती झाडं लावणार, हा पाडणार. दोघांचं पटायचं नाही आणि एकमेकांवाचून चालायचंही नाही. बागेत ताईचे पाच पाम होते. बिया रुजवून, तेलाच्या रिकाम्या डब्यांत वाढवून तिने ते लहानाचे मोठे केले होते.

नवा असताना माझ्या हातून एक पाप घडलं. मोठ्या झाडाची फांदी उतरवायची होती आणि दोर अडकवायला खांब नव्हता. भावाने सरळसोट पाम पाहिला आणि मला त्यालाच बांधलं. भार येताच मी त्याच्या खोडात करकचून रुतलो. फांदी झोका घेऊन नेमकी त्याच्या शेंड्यावर आदळली.

"पानं काय, नवी येतील," भाऊ म्हणाला. पण पामला शेंडा एकच असतो. तो मोडला की संपलं, आणि खोडाची जखमही कधी भरून येत नाही. वर्षभरात तो पाम वाळून गेला. लोक म्हणत होते, "काय मजबूत दोर आहे!" मला मात्र ते ऐकून लाज वाटत होती.

पुढे बरीच वर्षं मी ओझी उचलली, उन्हात झिजलो. मग एके दिवशी उरलेल्या चार पामांमागचं एक पोखरलेलं झाड त्यांच्या बाजूला कलू लागलं. वारे सुटायच्या आत ते पाडायला हवं होतं.

"बुंध्यावर करवत चालवतो, तासाभरात आडवं," भाऊ म्हणाला. "एखादा पाम गेला तर गेला."

ताईने पदर खोचला. "एकही जाणार नाही. वरून काप, तुकड्यातुकड्याने उतरव. आणि दोर पामला बांधायचा नाही."

"मग कुठे बांधू? तुझ्या कमरेला?"

"बांध की. नाहीतर तिकडे बघ, लोखंडी खांब पुरून ठेवलाय."

ताईने गोणपाटाच्या पट्ट्यांनी पामांची पानं वर गोळा करून अंबाड्यासारखी बांधली. शेजारच्या धडधाकट झाडाच्या बेचक्यात कप्पी बसली. मी तिच्यावरून आलो आणि खांबाला दोन वेढे घेतले. भाऊ त्या धडधाकट झाडावर बसून कापायचा आणि ताई मला जपून सैल सोडायची. दोन दिवस हेच चाललं होतं.

शेवटचा ओंडका सगळ्यांत जड होता. तो सुटला आणि माझा एक पेड तडकन तुटला. ओंडका तिसऱ्या पामकडे झेपावला. मी मनाशी म्हटलं, एकदा चुकलो, आता नाही.

"ताई, सोड! हात सोलून निघतील!"

"सोडणार नाही!" ती ओरडली. तिने पाय रोवून खांबाला आणखी एक वेढा दिला. भाऊ सरसर खाली उतरला आणि तिच्यामागे उभा राहून त्याने मला धरलं. बोट बोट सोडत दोघांनी ओंडका गवतावर टेकवला. पामपासून तो जेमतेम हातभर दूर होता.

ताईचे तळवे सोलले होते. भाऊ ते बघत राहिला. "त्या पहिल्या पामचं चुकलंच माझं," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतर मी वजनाला निकामी ठरलो. अडगळीत पडून राहिलो, धुळीने माखलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? मग एका सकाळी भाऊच आला. त्याने पामांभोवती बुटके खुंट ठोकले, त्यांतून मला ओवलं आणि आपल्या गड्यांना बजावलं, "या दोराच्या आत ना झाड पडणार, ना गाठ बसणार."

मित्रांनो, झाड पाडण्याआधी मान वर करून शेजारचा शेंडा बघा. पाडणं तासाभराचं काम असतं, आणि वाढवायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

परवा तिसऱ्या पामला नवं पान फुटलं. भाऊ ते बघायला मुद्दाम आला होता. मी त्या झाडाला शिवत नाही. एक हात दूर उभा आहे, आणि उरलेल्या दोन पेडांवर इथेच उभा राहणार आहे.