बाबांचे हात

मित्रांनो, निपाणीत विद्युल्लताबाईंच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत मी राहतो. मी एक जुना संगणक आहे. बेळगावच्या एका दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले आणि बाईंचे यजमान शरदराव मला बसमधून मांडीवर घेऊन घरी आले.

त्यांची मुलगी शाल्मली जन्मापासून बहिरी. तिच्यासाठी शरदराव हातांची भाषा शिकले. पुढे एका संस्थेत ते अशा मुलांना गोष्टी सांगू लागले, तोंडाने बोलत आणि हातांनीही. संस्था त्यांचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकत असे. शाल्मली ते माझ्या पडद्यावर बघायची आणि पोट धरून हसायची. तेव्हा घरात माझा केवढा मान होता! मऊ फडक्याने मला रोज पुसत.

मग शरदराव अचानक गेले. वर्षभरात ती संस्थाही बंद पडली आणि तिचे सगळे व्हिडिओ काढून टाकणार असल्याचे कळले. बाईंनी चिकोडीहून पुतण्याला, श्रीनाथला, बोलावले.

श्रीनाथने पडद्यावर एक काळी खिडकी उघडली. व्हिडिओ उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमला तिथे हुकूम टाईप करून द्यावा लागतो. पूर्वी भजने उतरवताना वापरलेली ओळ त्याने तशीच घेतली. तिच्यात हुकूम होता, फक्त आवाज ठेव, चित्र टाकून दे. त्याच ओळीच्या शेवटी त्याने नवा हुकूम जोडला, सर्वांत चांगले चित्र ठेव.

दोन्ही एकदम कसे पाळायचे? प्रोग्रॅमने पहिला पाळला, दुसरा सोडून दिला. तसे त्याने पिवळ्या अक्षरांत सांगितलेही. ती अक्षरे मीच पडद्यावर उमटवली. पण ओळी भराभर वर सरकून गेल्या.

“चित्र येतंय न्हवं रं?” बाईंनी विचारले.

“व्हय काकू, लई चांगलं मागितलंय,” श्रीनाथ म्हणाला. सगळ्या व्हिडिओंची नावे आलेली पाहून तो चहाला उठला. एकही फाईल त्याने उघडली नाही.

पुढच्या रविवारी शाल्मली माझ्यासमोर बसली. तिने पहिली फाईल उघडली. पडदा काळाच. शरदरावांचा आवाज मात्र स्वच्छ येत होता. तो ऐकून बाई धावत आल्या आणि दारातच थबकल्या. शाल्मलीने त्यांना हातांनी विचारले, ‘बाबा कुठे आहेत?’

इंटरनेटवरचे सगळे तोवर पुसले गेले होते. श्रीनाथ आला आणि डोके धरून बसला. “वाचायला पायजे होतं, काकू,” एवढेच म्हणाला.

मग बाई माझ्याजवळ बसल्या. नवऱ्याचा आवाज ऐकत त्या एकेक शब्द हातांनी सांगू लागल्या. शाल्मलीने थोडा वेळ पाहिले. मग आईचे दोन्ही हात धरून तिने हळूच खाली ठेवले आणि खुणेने म्हणाली, ‘हे तुझे हात आहेत.’

तेव्हापासून मला कुणी चालू केलेले नाही. अंगावर धूळ साचली आहे. मित्रांनो, आम्हा यंत्रांना ओरडता येत नाही. सांगायचे ते एका ओळीत लिहून आम्ही गप्प होतो. ती ओळ वाचत जा. आणि जपून ठेवले म्हणता, ते खरेच जपले गेले का, एकदा उघडून बघा. मूळ जागी ते आहे, तोवरच बघा.